बुरुजावरचे रेशमी शेले

मुलांनो, आणि मुलांच्या मागे बसून हळूच कान देणाऱ्या मोठ्यांनो, फार फार जुन्या काळी एका डोंगराळ मुलखात एक राजा राज्य करत होता. राजा दुष्ट नव्हता. त्याला सुंदर वस्तूंची हौस होती, एवढंच. पण त्या वस्तू कोण घडवतं आणि घडवणाऱ्यांचं काय होतं, हे वाकून बघायची सवय त्याला कुणी लावली नव्हती.

या राजाने नगराच्या वेशीवर सात मजली बुरूज बांधायला काढला. सव्वाशे माणसं कामावर होती. कुणी दगड घडवत, कुणी चुना मळत, कुणी बांबूच्या परांचीवर चढून चिरे बसवत. आणि या सगळ्यांचे कपडे शिवायला होती ठकू.

ठकू पन्नाशीची, अंगाने वाळकी, बोलायला फटकळ. तिचा बाप गवंडी होता, आजाही गवंडी होता. त्यामुळे कपडा हातात घेतला की तिला आधी उंची दिसायची. ती अंगाला घट्ट बसणारी बंडी शिवायची. कुठे लोंबतं टोक म्हणून ठेवायची नाही. खाली गुडघ्यापर्यंत आखूड चोळणा. डोक्याला आत काथ्या ठासून भरलेली टोपी. पायात म्हशीच्या कातड्याच्या जाड वहाणा, तळाला खिळे मारलेल्या. चुना मळणाऱ्या बायांना कोपरापर्यंत चामड्याचे मोजे, आणि परांचीवर चढणाऱ्या प्रत्येकाच्या कमरेला तिपेडी दोर.

दिसायला हा पोशाख अगदी गबाळा होता. पण त्यातली एकही गोष्ट कुणाला सहज सुचलेली नव्हती. कुणाचं तरी डोकं फुटलं तेव्हा टोपीत काथ्या आला. एका बाईचे हात चुन्याने भाजले तेव्हा मोजे आले. दोर कशामुळे आला, ते ठकूला सांगावं लागत नसे. परांचीवरून पडून गेलेल्या आजाला ती नुसतं ऐकून ओळखत होती.

एके दिवशी राजाचा कारभारी बांधकामावर आला. शेजारचे तीन राजे पौर्णिमेला बुरूज पाहायला येणार होते. कारभाऱ्याने वर नजर टाकली, खाली नजर टाकली आणि नाक मुरडलं.

“ही माणसं पाहुण्यांना अशी दाखवायची? माकडांची टोळी चढल्यासारखी दिसते.”

चार दिवसांनी राजवाड्यातून गाडाभर रेशीम आलं आणि सोबत कारभाऱ्याचा हुकूम आला. सगळ्यांना केशरी पागोटी, घोळदार पांढरे अंगरखे, खांद्यावर लांब रेशमी शेले. पायात कशिद्याच्या मोजड्या. दोर मात्र काढून ठेवायचे, कारण रेशमावर ते मळके दोर शोभत नाहीत.

ठकू ते रेशीम घेऊन तडक कारभाऱ्यापुढे जाऊन उभी राहिली.

“कारभारी, हे शेले रहाटात जातील. दगड वर ओढणारा रहाट फिरत असतो, त्याच्या जवळ सुटं टोक चालत नाही. आणि या मोजड्यांचा तळ काचेसारखा आहे. ओल्या चुन्यावर पाय ठरायचा नाही.”

“तुला कुणी विचारलं?” कारभारी म्हणाला.

“विचारायला हवं होतं. वर चढणाऱ्यांना तरी विचारायचं.”

“त्यांना जपून वागायला सांग. जपणाऱ्याला काही होत नाही.”

ठकूच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण म्होरक्या गवंड्याने तिचा दंड धरून तिला बाजूला नेलं. म्हातारा होता, सगळे त्याला दादा म्हणत. तो म्हणाला, “ठके, दोन दिवसांचा तमाशा आहे. पाहुणे गेले की आपले कपडे आपल्याला. कशाला वैर घेतेस? तू टाके घाल.”

आणि ठकूने टाके घातले. सव्वाशे शेले तिने स्वतःच्या हाताने शिवले. दर शेल्याला सुई टोचताना ती दात आवळत होती, पण शिवत होती. ही गोष्ट पुढे तिने कधी कुणापासून लपवली नाही.

ठकूचा धाकटा भाऊ धाकलू त्या रहाटावर कामाला होता. आई गेल्यापासून तिनेच त्याला वाढवलेला. दणकट गडी, बत्तीस वर्षांचा, सदा हसतमुख. पौर्णिमेच्या दोन दिवस आधी कारभाऱ्याने सगळ्यांना नवा पोशाख घालून कामाला उभं केलं, म्हणजे पाहुण्यांपुढे कसं दिसेल ते कळावं. धाकलू अंगरखा घालून बहिणीपुढे आला.

“आक्का, लग्नात नव्हतो एवढा नटलोय बघ.”

ठकू हसली नाही. तिने त्याचा शेला कमरेभोवती गच्च गुंडाळला, टोक आत खोचलं आणि वरून सुतळीने बांधलं. “सोडू नकोस,” ती म्हणाली.

“नाही सोडत.”

त्याने सोडला नाही. तासाभराने कारभाऱ्याचे दोन प्यादे परांचीखालून फिरले. “शेले मोकळे सोडा,” ते ओरडत होते, “वाऱ्यावर उडाले पाहिजेत, हुकूम आहे.” धाकलू म्हणाला, बहिणीने बांधलाय, राहू दे. एका प्याद्याने पुढे होऊन सुतळी कापली आणि शेला ओढून मोकळा केला.

दुपार व्हायच्या आत तो शेला रहाटाच्या आसात गुंतला. वर मोठा चिरा निम्म्यात आला होता, त्यामुळे रहाट लगेच थांबवता येईना. रेशीम तुटत नाही. दादाने कुऱ्हाडीने चिऱ्याचा दोर तोडला, चिरा खाली कोसळला, रहाट थांबला. तोवर धाकलूच्या गळ्याला फास बसून सगळं संपलं होतं.

ठकूला बायांनी हाक मारून आणलं. तिने भावाच्या गळ्यातून शेला सोडवला. तिचाच टाका होता. तिने तो ओळखला.

कारभारी आला. त्याने लांबूनच पाहिलं आणि म्हणाला, “बेसावध राहिला. इतरांना ताकीद द्या. काम चालू करा, परवा पाहुणे आहेत.”

त्या दिवशी ठकूला रडू आलं नाही. भावाला अग्नी देऊन लोक परतले तरी तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. राग होता, नुसता राग. कारभाऱ्याचा होता, सुतळी कापणाऱ्या प्याद्याचा होता, “टाके घाल” म्हणणाऱ्या दादाचा होता. आणि आपल्या दोन हातांचा तर सगळ्यांत जास्त होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं कामावर आली, तेव्हा परांचीच्या पायथ्याशी ठकू बसली होती. तिच्या हातात कपडे कापायची मोठी कात्री होती आणि बाजूला जुन्या बंड्यांचा, टोप्यांचा, वहाणांचा ढीग होता.

“शेला दे आणि मग वर जा,” ती पहिल्या माणसाला म्हणाली.

तो घुटमळला. कारभाऱ्याची भीती कुणाला नव्हती? तेव्हा चुना मळणाऱ्या बाया पुढे झाल्या. त्यांनी आपले शेले तिच्यापुढे टाकले. मग दादा आला. त्याने मान खाली घालून शेला काढला आणि स्वतःच कात्री मागितली. ठकूने ती त्याला दिली, पण त्याच्याशी बोलली नाही.

निम्मे शेले कापून झाले असतील, एवढ्यात कारभारी प्याद्यांसह आला. नेमका त्याच वेळी राजाही पालखीतून तयारी बघायला येत होता. प्याद्यांनी ठकूला ओढत राजापुढे उभी केली.

“महाराजांचं रेशीम कापलं हिने,” कारभारी म्हणाला.

राजाने विचारलं, “बाई, असं का केलंस?”

ठकूने सांगितलं. शेला, मोजड्या, काढून घेतलेले दोर, कापलेली सुतळी, सगळं सांगितलं. आवाज चढवला नाही, पण तिचे ओठ पांढरे पडले होते. राजाने कारभाऱ्याकडे पाहिलं.

“महाराज, पोशाखात काही दोष नाही,” कारभारी म्हणाला. “सव्वाशे माणसं तोच पोशाख घालून काम करत होती. एकाने हलगर्जी केली, त्याला कोण काय करणार?”

राजाला ते पटलेलं दिसलं. तो म्हणाला, “एका माणसावरून सगळा पोशाख वाईट कसा म्हणायचा?”

“महाराज,” ठकू म्हणाली, “तुमच्या अंगावर शेला आहे. पायात मोजडी आहे. तिसऱ्या मजल्यापर्यंत परांचीवर चढून बघा. मग पोशाख चांगला आहे असं तुम्हीच म्हणालात, तर मी सगळे शेले पुन्हा शिवून देईन.”

प्याद्यांनी भाले सरसावले. राजाचा चेहरा लाल झाला. पण चारचौघांत मागे हटणंही त्याला जमेना. तो पालखीतून उतरला.

“चढतो,” तो म्हणाला.

“थांबा. आधी दोर बांधते.”

ठकूने तिपेडी दोर घेतला आणि राजाच्या कमरेला वेढा दिला. दुसरं टोक दादा वर घेऊन गेला. गाठ मारताना ठकूचा हात क्षणभर थांबला. ढिली मारली तर? हा विचार तिच्या मनात आला, हे खोटं कशाला सांगा. मग तिने दातओठ खाऊन गाठ इतकी आवळली, की राजा कळवळला.

राजा चढू लागला. पहिला मजला झाला, दुसरा झाला. प्रत्येक बांबू तो दोन्ही हातांनी धरत होता, पाय चाचपून ठेवत होता. तिसऱ्या मजल्यावर फळीवर ओला चुना सांडलेला होता. मोजडी तिथे टेकली मात्र, आणि सटकली. त्याच क्षणी वाऱ्याने शेला उडून त्याच्या तोंडावर बसला. राजाचे हात सुटले.

दोर ताणला गेला, आणि टिकला. राजा मधोमध लोंबकळत होता, आंधळ्यासारखा हात मारत होता. दादाने आणि धाकलूच्या दोन जोडीदारांनी त्याला वर ओढून घेतलं. फळीवर बसून त्याने मोजड्या काढून टाकल्या. मग अनवाणी, एकेक पाऊल टाकत खाली आला.

“मला काही दिसेना,” तो म्हणाला. “शेला तोंडावर आला आणि काही दिसेना.”

“माझ्या भावाच्या गळ्यावर आला,” ठकू म्हणाली.

“महाराज, आज वाराच जरा जास्त,” कारभारी पुढे होऊन सांगू लागला.

राजाने त्याला हाताने थांबवलं. “मी जपून चढत होतो. जन्मात कधी जपलो नाही इतका जपून. ऐकलंस? जपूनही पडलो. दोर होता म्हणून तुझ्यापुढे उभा आहे.” मग त्याने प्याद्यांना सांगितलं, “याला हाच पोशाख घाला आणि दोराशिवाय सातव्या मजल्यावर चढवा.”

गर्दीतून हुंकार उठला. तो संमतीचा होता.

“नको,” ठकू म्हणाली.

“तुला दया येते याची?” राजाने विचारलं.

“नाही येत. पण खाली माणसं काम करतात. हा पडला तर त्यांच्यातल्या कुणाच्या तरी अंगावर पडेल.”

तेव्हा राजाने कारभाऱ्याचा कारभार काढून घेतला आणि त्याला वर्षभर चुना मळायला बसवलं. सुतळी कापणारा प्यादाही त्याच्या शेजारी बसला. पहिल्या दिवशी ठकूने दोघांपुढे चामड्याचे मोजे आणि काथ्याच्या टोप्या टाकल्या. मोज्यांची शिवण उसवली नाही ना, ते तिने आधी उलटून बघितलं.

पौर्णिमेला पाहुणे आले. एक राजा हसून म्हणाला, “बुरूज देखणा आहे, पण तुमची माणसं फार गबाळी.” आपला राजा म्हणाला, “बुरूज बघायला बांधतोय. माणसं बघायला ठेवलेली नाहीत.”

मग राजाने दवंडी पिटवली. कामकऱ्यांचा पोशाख कामकरीच ठरवतील. आणि दुसऱ्या कुणाला त्यात बदल करायचा असेल, तर त्याने तो पोशाख घालून आधी एक दिवस स्वतः वर काम करावं. बदल सुचवायला पुढे कुणी आलं नाही.

राजा ठकूकडेही आला. “मला क्षमा कर,” तो म्हणाला.

“ती माझ्याकडे नाही, महाराज. ज्याच्याकडे मागायची तो गेला.”

राजा मान खाली घालून परत गेला.

त्यानंतर रोज सकाळी ठकू परांचीच्या पायथ्याशी उभी राहायची. प्रत्येकाची टोपी दाबून बघायची, वहाणेचे खिळे मोजायची, दोराला हिसका द्यायची. काही ढिलं निघालं तर त्या माणसाला फैलावर घ्यायची आणि परत पाठवायची. एकदा दादा चाचरत तिला म्हणाला, “ठके, चुकलो मी. पण आता वर्ष झालं. राग सोड, शांत हो.”

ठकूने त्याच्या कमरेचा दोर ओढून पाहिला, गाठ सोडली आणि पुन्हा आवळून बांधली.

“शांत झाले तर कुणाची गाठ ढिली आहे ते मला दिसायचं नाही,” ती म्हणाली. “जा, चढ.”

बुरूज पुरा व्हायला आणखी तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत वर गेलेला प्रत्येक माणूस संध्याकाळी आपल्या पायांनी खाली उतरला.

म्हणून, मंडळी, एवढं ध्यानात ठेवा: ज्याला वर चढायचं नाही त्याने चढणाऱ्याचा पोशाख ठरवू नये, आणि ज्याला धोका दिसतो त्याने राग गिळून मुकाट टाके घालू नयेत.