ठकूआयनं न बांधलेली जुडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका, कुणी मोजलेली नाहीत. घाटाच्या पायथ्याशी धामणोळी नावाचं गाव होतं. वर खिंड, खाली भातशेती, आणि खिंडीच्या तोंडाशी एक जुना ऐनाचा वृक्ष.

दरवर्षी दिवाळीच्या सुमाराला वर देशावरचे धनगर मेंढरं घेऊन त्या ऐनापाशी येऊन थांबायचे. खाली भात कापून झालं की गावातून माणूस वर जायचं आणि ऐनाच्या फांदीला भाताच्या लोंब्यांची जुडी बांधायचं. जुडी दिसली की मेंढरं उतरायची. मोकळ्या शेतात मेंढरं बसायची, लेंड्यांचं खत पडायचं, आणि त्या खताबद्दल शेतकरी धनगरांना भात द्यायचे. दोघांचंही भलं. जुडी बांधेपर्यंत एक कोकरूही खाली पाय टाकत नसे, असं म्हणतात.

जुडी बांधायचा मान ठकूच्या घराचा. सासऱ्यानं दिवाळीच्या पाडव्याला बांधली, नवऱ्यानं पाडव्याला बांधली, आणि नवरा गेल्यावर ठकूही पाडव्यालाच बांधू लागली. लोंब्या कापायची ती घरामागच्या तुकड्यातल्या. तिथं हळवं भात, म्हणजे सगळ्यांच्या आधी पिकणारं. तिला एकच मुलगा, भिकू. तरणाताठा, हसतमुख, गावात कुणाचंही काम अडलं की हा हजर.

मग आभाळ फिरलं. देशावर पाऊस येईनासा झाला. एक वर्ष, दोन वर्षं, तीन वर्षं. गवत करपलं, तळी आटली, धनगर दिवाळीऐवजी दसऱ्याच्या आधीच खिंडीत येऊन बसू लागले. आणि खाली धामणोळीत उलटंच. पाऊस जायचं नावच घेईना. दसरा उलटला तरी सर कोसळते आहे, भात हिरवंगार उभंच आहे. वरच्यांना घाई आणि खालच्यांना उशीर. दोन्हीकडची माणसं तीच, मेंढरं तीच. पण कुणी कुणाला विचारलं नाही की बाबा, तुझ्याकडं काय चाललंय.

तिसऱ्या वर्षी पाडवा आला. ठकूनं सकाळी घरामागच्या तुकड्यातली पिकलेली लोंबी कापली, जुडी केली, घाट चढली आणि बांधली. नेहमीसारखीच. शेजारच्या बांधावर मान वळवून बघितलं असतं तर दिसलं असतं की गावाचं भात अजून हिरवंच आहे, लोंबी पानाच्या पोटरीतनं नुकतीच बाहेर पडलीय. पण पाडवा होता ना! पाडव्याला जुडी बांधायची असते, एवढंच तिला ठाऊक.

भुकेनं वेडी झालेली मेंढरं घाटातून लोंढ्यासारखी उतरली. दुपार व्हायच्या आत वीस घरांचं उभं भात फस्त झालं. गाव कोयते घेऊन धावलं, धनगरांनी कुऱ्हाडी उपसल्या, गोफणी फिरल्या. भिकू भांडायला नव्हता गेला, सोडवायला गेला होता, असं म्हणतात. त्याच्या कानशिलावर दगड बसला आणि तो बांधावर पडला तो उठलाच नाही. पलीकडे सिदा नावाचा धनगर पडला. त्यांच्या म्होरक्याचा, धुळाप्पाचा, तो पाठचा भाऊ. दगड कुणाचा, घाव कुणाचा, ते आजतागायत कुणाला कळलेलं नाही.

त्या दिवसापासून ठकूला बसवेना. लोक तिला ठकूआय म्हणत, आणि म्हणत, ठकूआयच्या पायाला भिंगरी लागली. चुलीपाशी बसली की उठायची, अंथरुणाला पाठ टेकली की उठायची. बांधावरून जायची, परत यायची. जिवाची नुसती घालमेल. जेवायचीसुद्धा उभ्यानं, असं म्हणतात.

वर्ष फिरलं. पाऊस पुन्हा लांबला, धनगर पुन्हा लवकर आले. आता खिंडीत माणसंही निम्मी आणि मेंढरंही निम्मी. गावकार, म्हणजे गावचा प्रमुख, रामजी चार माणसं घेऊन ठकूआयच्या दारात आला.

"आये, पाडव्याला तू नेहमीसारखी जुडी बांध. बाकी काय करू नको. घाटाच्या वळणावर आम्ही असू. उतरले की एकालाबी सोडणार नाय. तुझ्या भिकूचा बदला होईल."

खोटं कशाला बोला, ठकूआयला ते गोड लागलं. पोटचा गेला होता तिचा! पाडव्याच्या सकाळी तिनं कोयता घेतला, घरामागच्या तुकड्यात गेली, हळवं पिकलंय की नाही तेही न बघता मूठभर लोंब्या कापल्या आणि तरातरा घाट चढू लागली. भिकूच्या नावानं, भिकूच्या नावानं, असं म्हणतच चढली.

वर ऐनापाशी काय बघते! मेंढरं नव्हेत, कातडी पांघरलेले सांगाडे. ऐनाची साल जमिनीपासून हातभर सोललेली, मेंढरांनी खाल्लेली. बुंध्याशी धुळाप्पा बसलेला. उठला, आणि तिला वाट करून दिली.

"बांध की वो, माय. थांबलीस का?"

"मी कोण ते ठावं हाय ना तुला?"

"भिकूची आय. ठावं हाय."

"आन् तरी माझी जुडी बघून उतरशील?"

धुळाप्पा गोंधळला. "जुडी बांधली की उतरायचं. न्हाई बांधली की मेलो तरी न्हाई उतरायचं. आमच्या बापाचं इमान हाय त्या फांदीवर. तुझ्यावर न्हाई, माझ्यावर न्हाई."

 वर्षभरात पहिल्यांदाच ठकूआयला कुठंतरी मटकन बसावंसं वाटलं. पण ती बसली नाही. तिनं जुडीतला एक दाणा काढला आणि दाताखाली धरला. दाणा कट् वाजला नाही, नुसता चेपला. पांढरं दूध जिभेवर आलं. तिचं हळवंसुद्धा त्या वर्षी कच्चं होतं, मग गावाचं काय असणार!

"कच्चं हाय," ती म्हणाली. दुसरा दाणा तिनं धुळाप्पाच्या हातावर ठेवला. "चावून बघ. ग्येल्या वरसाला गावाचं असंच कच्चं हुतं. मी बघितलं नाय. बघायला नको हुतं का मी? तुझ्या सिदाला आन् माझ्या भिकूला माझ्या जुडीनं मारलं."

धुळाप्पानं दाणा चावला. मग म्हणाला, "मंग आता काय करायचं, माय? अजून दोन हप्ते ही मेंढरं जगत न्हाईत."

"नाय बांधणार मी. वळणावर गावची माणसं कोयते घेऊन बसलेत," ठकूआय म्हणाली आणि जशी चढली तशी उतरली.

गावात येऊन तिनं रामजीच्या तोंडावर सांगितलं, चूक माझी होती, दगड कुणाचाही असो. रामजीनं डोक्यात राख घालून घेतली. "म्हणजे भिकू फुकट मेला म्हण की!" तशी ती चवताळली. "भिकू माझा! त्याच्या नावानं काय करायचं त्ये मी सांगीन. तू कोण रं सांगणार?" आणि ती गवताच्या राखणीकडं, म्हणजे गावानं राखून ठेवलेल्या कुरणाकडं गेली, पुरुषभर उंच गवत कापलं, भारा बांधला, डोक्यावर पेंढ्याची गोल चुंभळ ठेवली आणि भारा घेऊन घाट चढली. एक मेंढरांपुढं उतरवला की दुसरा. दुसरा उतरवला की तिसरा.

पहिल्या दिवशी ती एकटीच. वळणावर कोयतेवाले बसलेले, त्यांच्या मधून जायची, म्हणायची, "सरका रं, भिकूचा भारा हाय." कुणाची टाप होती अडवायची! दुसऱ्या दिवशी गावातल्या दोन सुना मागून आल्या. चौथ्या दिवशी वळणावरच्या एकानं कोयता गवताला लावला. रामजी सगळ्यांत शेवटी आला, तोंड फुगवून, पण भारा सगळ्यांत मोठा उचलला, ही त्याची खोड.

आणि ठकूआय थांबेना. दिवसाला नऊ खेपा, असं म्हणतात. ती एक खेप घालायची आणि खाली भात थोडं पिवळं व्हायचं. दुसरी खेप घालायची, आणखी पिवळं. घाटातल्या काळ्या कातळावर तिची पावलं उमटली, ती आजही दिसतात. पावसानं तिच्यावर थेंब टाकला नाही, असंही म्हणतात. खरं-खोटं ते कातळ जाणे.

बाराव्या दिवशी भात पिकलं. तेव्हा धुळाप्पानं निरोप धाडला, की मेंढरं नंतर, आधी माणसं उतरतील, रिकाम्या हातानं. कुऱ्हाडी ऐनापाशी ठेवून धनगर उतरले आणि गावाचे कोयते घेऊन गावाचं भात कापू लागले. पहिलं कापलं ते भिकूचं शेत. ज्या बांधावर भिकू पडला होता, त्या बांधावर सिदाच्या भावानं पहिली पेंढी ठेवली. ठकूआय तिथं उभी राहून ढसाढसा रडली, आणि रामजीनंही डोळ्याला पंचा लावला.

दोन दिवसांत भात घरात आलं. ठकूआयनं एक दाणा चावला. कट्! एक दाणा धुळाप्पानं चावला. कट्! मग ती जुडी घेऊन वर गेली, फांदीला बांधली आणि ऐनाच्या बुंध्याशी बसली. वर्षभरानंतर पहिल्यांदा बसली. मेंढरं तिच्या दोन्ही अंगांनी उतरत गेली, शेवटचं कोकरू गेलं, धूळ बसली, आणि बघतात तर ठकूआय नाही. नुसती चुंभळ पडलेली. कुणी म्हणतं ती मेंढरांबरोबर उतरली, कुणी म्हणतं ती अजून खेपा घालते, कारण आभाळ काही पूर्वीसारखं झालं नाही.

ते झालेलंच नाही. पाऊस अजूनही कधी लवकर येतो, कधी जायचं विसरतो. म्हणून धामणोळीत पाडव्याला कुणी जुडी बांधत नाही. दसरा झाला की गावातली एक बाई आणि धनगरांतला एक माणूस मिळून बांधाबांधानं फिरतात, वीस शेतांतले वीस दाणे चावतात, आणि चावून होईपर्यंत दोघांपैकी कुणी बसत नाही. दाणे कट् वाजले तर जुडी चढते. ऐनापाशी ना देऊळ ना मूर्ती, भाताच्या पेंढ्याची एक चुंभळ तेवढी दरवर्षी नवी ठेवतात.

आणि दाण्यातून दूध निघालं, तर त्याच पावली सगळं गाव गवताच्या राखणीकडं निघतं. पहिला भारा बांधतात, डोक्यावर घेतात, आणि घाटाच्या वळणावर आले की मोठ्यानं ओरडतात, "सरका रं, भिकूचा भारा हाय!"