बोटांनी वाचलेली ओवी

भाविकहो, अवलीनाथ महाराज सीनेकाठच्या रांजणवाडीत चातुर्मासाला उतरले होते, तेव्हाची ही गोष्ट.

सगुणा कुंभारीण चाळिशीची. देवाची एक ओवी स्वतः वाचावी, एवढाच तिचा ध्यास. पण पाटीकडे पाहिलं की अक्षरं मुंग्यांसारखी पळायची. दामोदरभट पुराणिक हसत, "सगुणे, तू आपली गाडगीच वाच!"

महाराजांनी तिला पाटी दिलीच नाही. म्हणाले, "माये, मातीची दोरीसारखी वळी कर. तिचा 'क' घाल. त्यावरून बोट फिरव आणि गळा मोकळा सोडून गा."

चार महिने ती अक्षरं घडवत, गिरवत, गात राहिली. बोटांना ती ओळखू येऊ लागली. डोळ्यांचा मात्र अजून दगाच.

पोथीच्या समाप्तीला, भर सकाळी, भरल्या देवळात दामोदरभट उठले. "महाराज, ही म्हणे वाचते! नाही वाचलं, तर पुन्हा पोथीला शिवायचं नाही." आणि मधलंच एक सुटं पान त्यांनी तिच्यापुढं टाकलं.

सगुणेनं पानाकडे पाहिलं. शाई वळवळू लागली. मागं कुणी फिदीफिदी हसलं.

"महाराज, अक्षरं पळाली हो सगळी!"

"पळू देत. डोळे मीट, माये. हात ठेव."

तिनं हात ठेवला आणि दचकलीच. "अगं बाई! हे एक पान नाही, दोन आहेत. चिकटलेत." हलक्या नखानं तिनं ती सोडवली. आतल्या पानावर बोट टेकलं मात्र, अंगावर सरसरून काटा आला. काय नवल सांगावं! सपाट कागदावर शाई मातीच्या वळीसारखी उभी राहिली होती! मिटल्या डोळ्यांनी सगुणा गाऊ लागली:

नेत्र थकतां भूतळीं ।
देव बैसे करतळीं ।
मग अक्षरें आंधळीं ।
डोळस होती ॥

"खोटं!" दामोदरभट ओरडले. "तीस वर्षं पोथी सांगतोय मी. ही ओवी तीत नाहीच!"

त्यांनी पान ओढलं. ओवी होती. तीस वर्षं ते पानाकडे न पाहता नुसतं पाठ म्हणत आले होते; पानं चिकटल्याचं त्यांना कळलंच नव्हतं. त्यांनी ओळीवर बोट टेकलं. अक्षरं उंच, ओल्या मातीसारखी गार! चटका बसल्यागत हात मागं आला.

भट महाराजांच्या पायांशी कोसळले. महाराजांनी पाय मागं घेतले. "अरे, वाचलं कुणी?"

तेव्हा दामोदरभट वळले. सगुणेपुढं मस्तक टेकून म्हणाले, "बाई, पुढची ओवी वाचा. मी ऐकतो."