कोयत्याचं पोट

फार फार मागची गोष्ट. डोंगराच्या कुशीत, बांबूच्या बनाला लागून एक वाडी होती. तिथल्या आवडाईने एकदा देवीपुढे पदर पसरून नवस बोलला होता : "आई, माझ्या सुनेचा ताप उतरव. ती उठून हिंडूफिरू लागली, तर तुझ्या जत्रेला वाडीतल्या झाडून साऱ्या लेकीसुनांची ओटी मी दरेकीसाठी माझ्या हातची वेगळी परडी विणून भरीन."

देवीने ऐकलं. ताप उतरला, सून उठली.

सुनेचं नाव सोनकी. तिला माहेर नव्हतं, आईचा चेहराही आठवत नव्हता. आपल्यासाठी कुणी नवस बोलतं, याचीच तिला अपूर्वाई वाटे. त्या नवसाला आपलाही हात लागावा, असं तिच्या मनात राहून राहून येई.

वाडी सारी बुरुडांची. बांबू चिरायचा, कांबट्या काढायच्या, सुपं, टोपल्या, परड्या विणायच्या. घरोघरी कोयते होते, पण आवडाईचा कोयता वेगळाच. त्याचं पातं धारेकडे सपाट उतरत नसे. तांदळाच्या दाण्यासारखं दोन्ही अंगांनी किंचित फुगीर होऊन मग धारेला मिळे.

रोज दिवेलागणीच्या आधी आवडाई दुमडलेल्या गोधडीवर जुन्या मोटेचं चामडं अंथरी. त्यावर तेलाचा थेंब, चाळलेल्या राखेची चिमूट. मग कोयत्याची पाठ पुढे, धार मागे, असं पातं हलकेच ओढी. या अंगाने, मग त्या अंगाने. तो तिचा नेम होता. तो झाल्यावाचून ती देवापुढे दिवा लावत नसे.

शेजारची धुरपा हसे. "आवडाक्का, तुझ्या कोयत्याला दिवस गेले वाटतं गं! पोट बघ केवढं!"

"गेले असले तर जाऊ देत," आवडाई म्हणे. "डोहाळेजेवणाला पहिलं बोलावणं तुलाच."

जत्रा जवळ आली. आवडाई एक दिवस देवळात सारवणाला गेली, आणि नेमका तेव्हाच वाडीत धार लावणारा शिकलगार आला. त्याच्या चाकावर धरलेलं पातं आरशासारखं चमकू लागे. धुरपाची विळी त्याने अशी केली, की कांद्याचा पापुद्रा तिला नुसता टेकला तरी चिरला जाई.

सोनकीच्या मनात आलं, आत्याबाईंचे हात थकलेत. त्या येईस्तोवर कोयता लखलखीत करून ठेवला, तर त्यांना किती बरं वाटेल! तिने कोयता पुढे केला.

शिकलगाराने पातं बोटाने चाचपलं. "पोरी, हे पोट कुणीतरी मुद्दाम राखलंय. घरात विचारलंस का?"

"विचारायचं काय त्यात? माझ्याच सासूचा आहे. काढून टाका ते पोट."

चाक फिरलं, ठिणग्या उडाल्या. कोयता पानासारखा पातळ झाला.

दुसऱ्या सकाळी आवडाईने बांबू उभा केला, टोकाला कोयता टेकवला आणि वरून लाकडी मोगरी हाणली. पातं लोण्यात शिरावं तसं शिरलं. सोनकी खुलली. पण पुढे बांबू उघडेना. पातं दोन्हीकडून आवळलं गेलं. आवडाईने आणखी एक घाव घातला, पहिलं पेर लागलं, आणि कट्ट झालं. कोयता ओढून काढला, तर धारेला नखाएवढी खांड.

सोनकी पुढे झाली. ती सासूच्या पायांशी बसली. "आत्याबाई, मीच केलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून... माझा अपराध पोटात घाला. माझ्यापायीच नवस बोलला होता, माझ्यापायीच मोडणार आता."

आवडाईने खांडेवरून अंगठा फिरवला. तिला वाईट वाटलं नाही असं कसं म्हणावं? तिच्या सासूने तिला दिलेला कोयता तो. पण मग तिने समोर बघितलं. तापातून उठलेली पोर, अजून गालफडं बसलेली.

"उठ," ती म्हणाली. "शिकलगाराने काही वाईट केलं नाही हो. कांद्याला तशीच धार हवी. पण पेर फोडायचं म्हणजे धारेच्या पाठीशी भर लागतो. तो फुगवटाच बांबूला दोन्हीकडे सारतो आणि घाव स्वतःवर घेतो. मागे कुणी नसलं की धार एकटी पडते, आणि एकटी पडलेली धार मोडते."

"आता हो कसं?"

"जत्रेच्या तोंडावर कुणाचा कोयता रिकामा नाही. आता तू पोट आणायचंस. मी आहेत त्या कांबट्या विणते. चल नदीवर."

सोनकी ओल्या दगडावर पातं झुलवत घासू लागली. कड आत घेत, पाठ हळूहळू उचलत, म्हणजे धारेमागे फुगवटा राही. खांड झिजायला दिवस लागले. मग चामड्याची पाळी आली. घाई झालेली, तिने जोराने दाबून पातं ओढलं. धार बोथट झाली.

"अगं, दाबू नकोस. चामडं मऊ आहे म्हणून तर पोट राखतं. तू रेटलंस की ते धारेवर चढतं आणि तिला गोल करून टाकतं. तान्ह्याच्या पाठीवरून हात फिरवतात ना, तसं."

सोनकीने हात सैल सोडला. पुन्हा पुन्हा पातं ओढलं. आणि जत्रेच्या आदल्या सकाळी तिने स्वतः मोगरी हाणली. बांबू शेंगेसारखा उलगडत गेला. एक पेर, दुसरं पेर, थेट बुडापर्यंत.

दिवसभर आवडाई विणत राहिली. सांज झाली तशी एकच परडी उरली, आणि तिची बोटं सुजून वळेनाशी झाली. सोनकीने कांबट्या उचलल्या आणि पुन्हा खाली ठेवल्या. "नवस तुमच्या हातचा आहे, आत्याबाई. मी कशी विणू?"

आवडाई तिच्या मागे जाऊन बसली. सुनेच्या मनगटांवर तिने आपले हात ठेवले. "पुढचा हात तुझा, मागचा माझा. वीण."

परडी तिरकी झाली, पण झाली.

जत्रेत साऱ्या लेकीसुनांच्या ओट्या भरल्या. सोनकी संकोचून सर्वांत मागे उभी होती. आवडाईने तिला हाक मारली आणि तीच तिरकी परडी तिच्यापुढे धरून खण, नारळ, तांदूळ तिच्या ओटीत घातले. तेवढ्यात देवीच्या उजव्या खांद्यावरचं फूल घरंगळून खाली आलं. "उजवा कौल! उजवा कौल!" बायका म्हणाल्या.

पुढे तो रोजचा चामड्याचा नेम सोनकीने उचलला. एका सांजेला धुरपा पदराखाली कोयता घेऊन आली. "सोनके, माझ्याही कोयत्याला पोट आण गं. पेरापाशी सारखा अडतो."

"आणते की, काकू," सोनकी म्हणाली. "पण डोहाळेजेवण तुम्हीच करायचं!"

तात्पर्य : चिरते ती धार, पण तिला तारतो तो मागचा भर; आणि तो जोराने नाही, रोजच्या हलक्या हाताने राखला जातो.

बायांनो, लेकरांनो, तुम्हीही आपलं पातं बोथट व्हायची वाट न बघता रोज थोडं ओढत जा. आणि घरात कुणाच्या हातून खांड पडली, तर क्षणभर त्याच्या मागे जाऊन बसा.