तिसऱ्या जागेचे उत्तर

एकदा एका लहानशा गावात एक वृद्ध जाणकार डीबगर तयार करीत असत. ज्यांना हा शब्द परका आहे त्यांच्यासाठी सांगायचे, तर बंद पडलेल्या प्रोग्रामची मागे उरलेली स्मृती उघडून, त्यात शेवटच्या क्षणी कुठे काय होते हे दाखवणारे ते साधन. आसपासच्या कारखान्यांत आणि शीतगृहांत सी भाषेत लिहिलेले प्रोग्राम यंत्रे चालवीत. ते अडले की लोक या वृद्धांकडे येत. सगळे त्यांना अण्णा म्हणत. अण्णांचा एकच नियम होता: आपण पाहायला बसलो आहोत, लिहायला नाही. बंद पडलेल्याच्या स्मृतीत आपले एक अक्षरही मिसळता कामा नये.

त्यांच्या हाताखाली हेमांगी नावाची शिष्या सहा वर्षे काम करीत होती. तिचे वडील गावाबाहेरच्या बेदाण्याच्या शीतगृहात यंत्रचालक होते. एके सकाळी तिथल्या नळीतून अमोनिया सुटला. नियंत्रक यंत्राचा प्रोग्राम बंद पडला आणि हाताने झडप मिटायला वडील आत गेले, ते परत आले नाहीत. धोक्याचा गजर मात्र कोणीच ऐकला नव्हता.

तेरावे झाले आणि चौदाव्या दिवशी हेमांगी कामावर आली. तिच्या आधी शीतगृहाचा मालक येऊन गेला होता. बेदाण्याचा जुना व्यापारी, माणूस वाईट नव्हता. चौकशीच्या कागदावर एक रकाना होता: गजर का वाजला नाही. त्याचे उत्तर मिळावे म्हणून नियंत्रकाची उरलेली स्मृती त्याने अण्णांकडे आणून ठेवली होती. अण्णांनी ती कपाटात ठेवली आणि हे काम मी स्वतः करीन म्हणाले. हेमांगीने ते ऐकले, आणि मान खाली घालूनच ते मागून घेतले. अण्णांनी बराच वेळ विचार केला आणि किल्ली तिच्यापुढे सरकवली.

त्या सुमारास ती डीबगरला एक नवी सोय जोडत होती. वापरणाऱ्याने स्वतःच्या शब्दांत एक वाक्य लिहावे, त्यात जिथे माहिती हवी तिथे टक्क्याची खूण करून जागा सोडावी, आणि त्या जागांसाठी स्मृतीतली कोणती मूल्ये घ्यायची ते पुढे सांगावे. डीबगरने जागा भरून वाक्य छापावे. सी भाषेत हे काम करणारी प्रिंटएफ नावाची तयार सोय असतेच. हेमांगीने वापरणाऱ्याचे वाक्य जसेच्या तसे उचलून प्रिंटएफच्या हाती दिले होते. काम सुरेख चालत होते.

त्याच सोयीने तिने वडिलांच्या शेवटच्या सकाळची स्मृती वाचायला घेतली. वाक्यात तीन जागा सोडल्या: वेळ, दार, गजर. वेळेचे मूल्य कुठून घ्यायचे ते लिहिले, दाराचे लिहिले, आणि डीबगरला वाक्य छापायला सांगितले.

उत्तर आले. वेळ बरोबर होती. दार उघडे होते. गजरापुढे दोनचा आकडा होता.

त्या नियंत्रकाच्या भाषेत गजराचा शून्य म्हणजे शांत, एक म्हणजे वाजतो आहे, आणि दोन म्हणजे कोणीतरी हाताने बंद केला आहे. त्या वेळी तिथे वडिलांखेरीज कोणी नव्हते.

हेमांगी आकड्याकडे पाहत राहिली. वडील घरी जेवताना कितीदा तरी म्हणाले होते की तो मेला गजर विनाकारण बोंबलतो, कधीतरी त्याचा गळा दाबला पाहिजे. तेव्हा सगळे हसले होते. तिला हे सगळे इतके नीट जुळून आलेले दिसले की पुन्हा तपासण्याचे कारणच उरले नाही. तिने कुणाला काही सांगितले नाही. चार दिवस ती त्या दोनच्या आकड्याबरोबर जेवली, झोपली आणि उठली.

रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की आईचा फोन यायचा. इकडचे तिकडचे झाले की आई शेवटी एकच विचारायची, लगेच गेले ना गं? आणि हेमांगी तत्काळ म्हणायची की हो आई, लगेच गेले, डॉक्टरच म्हणाले. डॉक्टर तसे कधीच म्हणाले नव्हते. पहिल्या दिवशी तोंडात आले ते वाक्य तिथेच राहिले होते.

पाचव्या दिवशी दुपारी अण्णांनी तिला जवळ बसवून विचारले की कागदावर काय लिहायचे ठरले. तिने तिची नोंद पुढे केली. अण्णांनी ती वाचली. मग कळफलक ओढून घेतला आणि तिच्याच वाक्याच्या शेवटी आणखी एक जागा जोडली: डब्यातल्या भाकऱ्या. हेमांगीला वाटले, म्हातारपणाने हात चुकला. अण्णांनी मात्र शांतपणे ते वाक्य छापायला लावले. वेळ तीच, दार तेच, गजर दोन. आणि भाकऱ्या पाच.

"दोनच असायच्या," हेमांगी एकदम म्हणाली. "आई दोनच द्यायची त्यांना. पाच कुठून आल्या?"

"तेच विचारतो आहे मी," अण्णा म्हणाले. "भाकऱ्यांसाठी तू डीबगरला काय दिलं होतंस?"

"मी कशाला देईन? त्या यंत्राला डबा ठाऊक तरी आहे का?"

"आणि गजरासाठी?"

हेमांगीने आपलेच वाक्य पुन्हा पाहिले. जागा तीन होत्या. पुढे लिहिलेली मूल्ये दोन होती. गजर हा शब्द तिने लिहिला होता, पण त्याचे मूल्य कुठून घ्यायचे ते लिहायला तिचा हात पुढे गेलाच नव्हता. भीतीने थबकला होता की दुःखाने, ते तिला आता आठवत नव्हते.

अण्णांनी कळफलक बाजूला सारला. मग ते बोलले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच सपाट होता.

"प्रिंटएफला 'ठाऊक नाही' म्हणता येत नाही. वाक्यात जागा दिसली की मूल्य दिलं असणारच, असं ती धरून चालते. दिलेलं नसलं, तर त्या वेळी हाताशी जे पडलेलं असेल ते उचलते आणि त्याच ऐटीत छापते. तुझ्या वाक्याबरोबर डीबगरने मूल्यं मोजून ठेवली होती. दोन भरली. तोच दोनचा आकडा शेजारी पडला होता. तो तुझ्या वडिलांचा नाही, त्या बंद पडलेल्या प्रोग्रामचाही नाही. तो आपल्या घरातला आहे, आपल्याच डीबगरचा. तिकडून कोणी काही बोललंच नाही, हेमा. आपणच बोललो, आणि त्यांचं नाव लावलं."

हेमांगीने आपली नोंद मागे ओढून घेतली.

"आमची ही गेली तेव्हा डॉक्टरांनी मला विचारलं होतं, श्वास कधी बदलला," अण्णा पुढे म्हणाले. "मी म्हणालो, चार वाजता. मी झोपलो होतो. समोर घड्याळ होतं, त्यात चार वाजलेले दिसले, ते दिले. अजून त्या कागदावर चारच आहे. विचारलं की रिकामं राहवत नाही माणसाला. माणसाचं मी काही करू शकत नाही. साधनाला तरी शिकवू."

त्या दुपारी आणि दुसऱ्या दिवशी दोघांनी ती सोय नव्याने बांधली. वापरणाऱ्याचे वाक्य अखंड कुणाच्या हाती द्यायचे नाही, असे प्रथम ठरले. ते आधी स्वतः अक्षर अक्षर वाचायचे. टक्क्याची प्रत्येक खूण थांबवून विचारायचे की तू कोण, तुला काय हवे. जागा आणि मूल्ये मोजून पाहायची. एकानेही कमीजास्त असली तर काहीच छापायचे नाही, कोणती जागा रिकामी आहे ते सांगायचे. संख्येच्या जागी संख्याच आणि मजकुराच्या जागी मजकूरच आला आहे ना, हे पाहायचे. कारण नुसत्या आकड्याला मजकुराचा पत्ता समजून साधन भलत्याच ठिकाणी वाचत सुटते. एक खूण तर अशी होती की ती छापण्याऐवजी स्मृतीतच लिहून ठेवते. ती दाराशीच नाकारायची. अण्णांनी हा नियम स्वतःच्या हाताने लिहिला. इतके झाल्यावर वाक्याचे तुकडे करायचे, आणि आपणच घडवलेल्या साच्यातून एका वेळी एका जागेत एकच मूल्य छापायचे.

काम पुरे झाल्यावर हेमांगीने आपले जुने वाक्य जसेच्या तसे दिले. डीबगरने काहीही छापले नाही. तिसऱ्या जागेसाठी मूल्य दिलेले नाही, एवढेच म्हणाला. ते वाचून तिने आपल्या नोंदीतला दोनचा आकडा खोडला.

मग तिने गजराची जागा शोधून ती मूल्यांत लिहिली. या वेळी हात थांबला नाही. अण्णा खिडकीकडे पाहत बसले होते.

उत्तर आले: या पत्त्यावरील स्मृती उपलब्ध नाही.

बंद पडताना नियंत्रकाने आपली सगळी स्मृती राखून ठेवलीच नव्हती. थोडा भाग उतरला, बाकीचा वीज गेली तेव्हा गेला. गजर त्या गेलेल्या भागात होता. हेमांगीने अण्णांना विचारले की आणखी कुठे मिळेल का. त्यांनी दोन ठिकाणे सुचवली, तिने दोन्ही पाहिली. तिथेही नव्हते. वडिलांनी गजर बंद केला होता की तो वाजलाच नव्हता, हे आता कधीच कळणार नव्हते.

दुसऱ्या दिवशी व्यापारी आला. हेमांगीने रकान्यात लिहिलेले त्याने दोनदा वाचले. मग चष्मा काढून तो जरा ओशाळून म्हणाला, "ताई, उपलब्ध नाही असं लिहिलं तर कागद मला परत येतो. काहीतरी घाला. वडिलांना बाधेल असं नका घालू, मी कुठं तसं म्हणतोय? यंत्र बिघडलं होतं म्हणा. तुमचंही मन राहील."

काल-परवापर्यंत हेमांगीने ते आनंदाने लिहिले असते. तिने अण्णांकडे पाहिले. ते जुन्या तारा गुंडाळीत होते, मध्ये पडले नाहीत.

"नाही शेठ," ती म्हणाली. "यंत्र बिघडलं होतं हेही मला ठाऊक नाही. कागद परत आला तर माझ्याकडे घेऊन या. मी पुन्हा हेच लिहून देईन."

व्यापाऱ्याने चष्मा पुन्हा चढवला. मग कागदाची घडी घालून खिशात ठेवली, आणि जाताना दाराशी वळून म्हणाला की तुमच्या वडिलांचा डबा अजून शीतगृहात आहे, धुऊन ठेवलाय, कोणाला तरी पाठवा. मी स्वतः येईन, असे हेमांगीने सांगितले.

संध्याकाळी आईचा फोन आला. शेजारणीने दिलेल्या भाजीविषयी ती बोलली, दुखऱ्या गुडघ्याविषयी बोलली, आणि मग नेहमीच्या जागी येऊन थांबली.

"लगेच गेले ना गं?"

हेमांगीच्या ओठांवर ते वाक्य तयार होते. तिने ते तिथेच अडवले.

"मला माहीत नाही, आई. डॉक्टर तसं काही म्हणाले नव्हते. ते मीच म्हणत होते."

पलीकडे आईने खुर्ची ओढून घेतल्याचा आवाज आला. मग आई हळू म्हणाली, "बरं झालं सांगितलंस. तू रोज इतक्या पटकन हो म्हणायचीस, मला वाटायचं, पोरीला काहीतरी भयंकर ठाऊक आहे आणि ती ते माझ्यापासून झाकते."

आणि ती रडू लागली. तेराव्यानंतर पहिल्यांदाच.

हेमांगीने फोन कानाशी धरून ठेवला. काही सुचले नाही, आणि तिने काही सुचवूनही घेतले नाही. ती रिकामी जागा तिने तशीच राहू दिली.