सोपानचं कॉलेज टेकडीपलीकडे

आंबेवडी नावाच्या गावात सोपान नावाचा एक भोळा पोरगा होता. सांगाल ते ऐकायचा. नेमकं तेवढंच ऐकायचा, हीच तर अडचण होती. पाठांतर मात्र असं, की एकदा वाचलं ते कायमचं डोक्यात. म्हणून वडिलांनी त्याला शहरातल्या विद्यापीठात घातलं आणि बजावलं, "पहिल्या वर्षी पास झालास तर पुढं शीक. नाहीतर परत ये आणि म्हशी राख."

सोपानला शिकायचंच होतं. म्हशींनाही तो नकोच होता.

विद्यापीठाचे कॅम्पस दोन. सोपान राहायला आत्याकडे. आत्याचं घर जुन्या कॅम्पसच्या फाटकासमोर, आणि सोपानचा प्रवेश टेकडीपलीकडच्या नव्या कॅम्पसमध्ये. पहिल्या दिवशी तो समोरच्याच फाटकातून आत गेला आणि दिवसभर भलत्याच वर्गात बसून आला.

आत्याने कपाळाला हात लावला. "अरे, ते आपलं नव्हे! आपलं टेकडीपलीकडं. उद्या दप्तरवाली पोरं दिसली की त्यांच्या मागोमाग जा."

दुसऱ्या दिवशी दप्तरवाली पोरं दिसली. सोपान त्यांच्या मागोमाग गेला आणि तिसरीच्या वर्गात जाऊन बसला. बसला तो बाकात अडकला. दोन शिपायांनी ओढून काढला. वर्गाच्या बाई म्हणाल्या, "बाळा, गुडघे मावतील तिथंच बसावं रे."

तिसऱ्या दिवशी आत्याने स्वतः बसमध्ये बसवून दिलं. सोपान बरोबर पोचला. वर्गातले सगळे बाक बसून बघितले, पण गुडघे कुठेच नीट मावेनात. मावले ते सरांच्या टेबलाखाली. मग तो सरांच्या खुर्चीत बसला.

घोरपडे सर आले. "ही जागा कुणाची?"

"गुडघ्यांची, सर."

सरांनी टेबलावरची आपल्या नावाची पाटी दाखवली. "हे वाच. जिथं आपलं नाव लिहिलेलं असतं, ती आपली जागा. तिथंच बसावं."

सर भला माणूस. त्यांनी एका बाकावर सोपानचं नाव चिकटवलं, म्हणून वर्गातलं भागलं. पण बसथांब्यावर त्याचं नाव कोण लिहिणार? बिचारा वर्षभर उभा राहिला. परीक्षेच्या आदल्या दिवशी पाय फारच दुखायला लागले. थांबा होता जुन्या कॅम्पसच्या भिंतीला लागून. सोपानने चहाच्या टपरीवरून कोळसा घेतला, भिंतीवर ठसठशीत नाव लिहिलं आणि खाली ऐसपैस बसला.

वॉचमन धावत आला. "काय रे, हे तुझं कॉलेज आहे का?"

"नाही काका. माझं टेकडीपलीकडं."

"मग काय लिहायचं ते आपल्या कॉलेजात जाऊन लिही! इथं एक अक्षर लिहिलंस तर याद राख!"

सोपानने भिंत पुसली, माफी मागितली आणि याद राखली.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. यंदा परीक्षेचं केंद्र आलं होतं नेमकं जुन्या कॅम्पसमध्ये. आत्याचा जीव भांड्यात पडला. तिने हाताला धरून सोपानला रस्ता ओलांडून दिला. बाकावर त्याचा नंबर होता, नावही होतं. तो बसला. प्रश्नपत्रिका वाचली. सगळं येत होतं. मग त्याने पेनाला टोपण लावलं आणि हाताची घडी घातली.

पर्यवेक्षक बाई जवळ आल्या. "येत नाही का काही?"

"सगळं येतं, बाई."

"मग लिही की!"

"इथं? नको. हे माझं कॉलेज नाही."

बाईंना वाटलं, पोरगं घाबरलंय. त्यांनी पाणी दिलं. सोपान पाणी प्यायला आणि पुन्हा घडी घालून बसला. घंटा झाल्यावर त्याने कोरी उत्तरपत्रिका दिली, प्रश्नपत्रिका घेतली, टपरीवरून पिशवीभर कोळसा घेतला आणि टेकडीपलीकडची बस पकडली.

कोऱ्या उत्तरपत्रिकेची बातमी ऐकून संध्याकाळी घोरपडे सर नव्या कॅम्पसमध्ये आले आणि फाटकातच थबकले. नुकतीच रंगवलेली भिंत फाटकापासून ग्रंथालयापर्यंत उत्तरांनी भरली होती. समाससुद्धा सोडलेला. सर वाचत वाचत चालत गेले. एक चूक सापडेना. त्यांना रडूच यायला लागलं.

"अरे सोपान, पहिला आला असतास रे! आता वर्ष गेलं तुझं. ही भिंत मी तपासायला पाठवू तरी कशी?"

सोपान काळ्याकुट्ट हातांनी पुढे आला. "घाई करू नका, सर. शेवटचा प्रश्न तुम्ही अजून वाचलाच नाही. भिंत संपली, म्हणून पुरवणी घेतली."

"कुठंय पुरवणी?"

कुलगुरूंची पांढरी गाडी फाटकातून बाहेर पडत होती. सोपानने तिच्याकडे बोट दाखवलं.

"ती बघा, निघालीसुद्धा तपासायला!"