वडाचा राग

फार वर्षांपूर्वी एका ओढ्याकाठी कापशी नावाची छोटी ससुली आणि चिंगी खार यांची जिवाभावाची मैत्री होती. खारींच्या घरी सगळे खाण्याआधी काठावरच्या वडाला हात जोडत. सशांच्या घरी तशी रीत नव्हती.

एकदा कापशी रडतच घरी आली. “आई, चिंगी म्हणते, आपण हात जोडत नाही म्हणून वड आपल्यावर रागावलाय!”

‘उद्यापासून तिच्याकडे जाऊच नकोस,’ असं आईच्या अगदी ओठांवर आलं होतं. पण तिनं ते गिळलं. “मला तसं वाटत नाही, बाळा. चिंगीला वाटतं. तिला हसू नकोस. तू काय करायचं, ते तुझं तू ठरव.”

दुसऱ्या दिवशी वडाखाली कापशी चिंगीला म्हणाली, “मी हात जोडणार नाही. पण तुझं होईपर्यंत इथंच थांबते.”

चिंगीनं डोळे मिटले. त्या दिवशी तिचा नमस्कार जरा लवकरच आटोपला.