भुरीचा चष्मा

माणसांच्या नाकावर चष्मा नवानवा आला होता, तेव्हाची गोष्ट. घाटातल्या एका वडावर भुरी नावाची म्हातारी माकडीण राहत असे. तिची नात चिमी रोज उवा काढून घ्यायला तिच्यापुढे बसे. भुरी तिचं डोकं हातभर लांब धरी, तरी तिला काही दिसेना.

"हल्लीच्या उवाच बारीक झाल्यात," ती कुरकुरे. नात उद्या दुसरीकडे जाईल, ही मनात धास्ती.

एकदा झाडाखाली पोथी वाचणाऱ्या वाटसरूचा चष्मा तिने पळवला आणि नाकावर चढवला. नातीचा केस न् केस दिसला. ऊ मात्र एकही नव्हती.

"अगं, मग रोज कशाला येतेस?"

"तुझा हात फिरतो ना डोक्यावरून."

भुरीने चष्मा पोथीवर नेऊन ठेवला. वर येऊन म्हणाली, "वळ. त्या बाजूच्या उवा राहिल्यात."